तापलेल्या लेकराचा दिवस कुणाच्या खात्यावर?

आजारी मूल पाळणाघरात आणून सोडणारी आई बेजबाबदार असते आणि त्याला दारातूनच परत पाठवणारी पाळणाघरवाली निर्दय असते, ही दोन विधाने आमच्या चंद्रपुरात सारख्याच जोराने ऐकू येतात. पावसाळ्यात तर जरा जास्तच. बोलणाऱ्या बहुधा बायकाच असतात, आणि ज्याच्यावरून हे सगळे चालते त्या लेकराचे वडील तोवर कामावर पोहोचलेले असतात.

विषय वरवर पाहता घरगुती आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो कधी येत नाही. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला मारहाण होत असल्याचे चित्रीकरण बाहेर आले, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. पण ती कॅमेऱ्यांची आणि परवान्यांची होती. रोज घडणारी गोष्ट त्याहून साधी आहे. मूल रात्री तापले आहे, सकाळी आईला ड्यूटी आहे, आता त्याला कोठे ठेवायचे? या साध्या प्रश्नाला आपल्या समाजाकडे, कायद्याकडे आणि कुटुंबाकडे तयार उत्तर नाही. म्हणून तो दोन बायकांच्या भांडणावर सोपवून आपण मोकळे होतो.

ऊर्जानगर, दुर्गापूर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, गडचांदूर ही आमच्याकडची कामाची गावे. वीज केंद्र, कागद गिरणी, कोळशाच्या खाणी, आयुध निर्माणी, सिमेंटचे कारखाने. येथे माणसे नोकरीसाठी आली, क्वार्टरमध्ये राहिली आणि आजी-आजोबा मागे गावाकडे राहिले. गडचिरोलीची तऱ्हा थोडी वेगळी. १९८२ साली चंद्रपुरातून तो जिल्हा वेगळा झाला आणि शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका, बँकेतल्या मुली, पोलीस शिपाई अशा शेकडो तरुण बायका अहेरी, एटापल्ली, धानोरा येथे बदलीवर जाऊ लागल्या. अलीकडे सूरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना यांमुळे आणखी नवी बिऱ्हाडे आली. या सगळ्यांच्या लेकरांना सांभाळणारी व्यवस्था कोणती? कॉलनीतल्याच एखाद्या काकू. दोन खोल्या, एक सतरंजी, चार खेळणी, मदतीला एखादी मुलगी आणि सात-आठ किंवा दहा मुले. फलक नाही, पावती नाही, पण विश्वास आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर विनातारण व्यवहार.

काकूंची बाजू

या व्यवहारात सकाळी नऊ वाजता ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते ती गोष्ट म्हणजे 'सकाळचा डोस'. मूल पहाटे तापलेले असते. आई त्याला तापाचे सरबत देते. अर्ध्या-पाऊण तासात अंग थंड पडते, मूल हसू लागते. "काकू, रात्री जरा कणकण होती, आता काही नाही बघा," असे म्हणून ती बसच्या मागे धावते. पॅरासिटॅमॉलचा अंमल चार ते सहा तासांचा. म्हणजे दुपारी बारा-एकच्या सुमारास ताप पुन्हा चढतो. तोपर्यंत त्या लेकराने इतर मुलांबरोबर एकाच वाटीतले मुरमुरे खाल्लेले असतात. काकू फोन करतात. आई वीस-पंचवीस किलोमीटरवर असते.

काकूंचा राग समजून घ्यायला हवा. एका मुलाचे जुलाब तीन दिवसांत चौघांना होतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती, तशा साथीत पाळणाघर दोन दिवसांत लाल होते. मग बाकीच्या आया जाब विचारतात, कोणी मूल काढून घेतात. काकू स्वतः आजारी पडल्या तर पाळणाघर बंद आणि त्या दिवसांचे पैसे बुडाले. त्यांना रजा नाही, विमा नाही. शिवाय अनेक घरांत मूल आले नाही तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापून घेण्याची पद्धत आहे. म्हणजे आजारी मुलाला घेतले तर इतर मुले जातात, परत पाठवले तर पैसे जातात. अशा कात्रीत सापडलेल्या बाईकडून नियमांची अपेक्षा करणे सोपे, तिने ते पाळणे अवघड.

आईची बाजू, म्हणजे रजेचा हिशेब

मी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा कर्जाचे आणि रजेचे अर्ज वाचले. रजेचा अर्ज हा मोठा बोलका कागद आहे. बँकेत किरकोळ रजा वर्षाला १२. आजारपणाची रजा असते ती मूलतः कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारपणासाठी. त्यामुळे लेकरू तापले की आईच्या अर्जात 'अंगात कसकस' येते, 'तीव्र डोकेदुखी' येते किंवा 'अत्यावश्यक घरगुती काम' निघते. लेकराचा ताप कागदावर दिसतच नाही. पुरुषांच्या अर्जांत भावाचे लग्न, शेतीचे काम, दुय्यम निबंधकाकडची तारीख, सगळे असे. 'मुलगा आजारी आहे व त्याच्याजवळ मी थांबणार आहे' असा पुरुषाचा अर्ज माझ्या टेबलावर इतका क्वचित आला, की आला तेव्हा शाखेत त्याची चर्चा झाली.

आता साधा हिशेब मांडू. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होते, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. चार मुलांत मिसळू लागल्यावर पहिल्या वर्षी थोडे जास्तच. सहा आजारपणे आणि प्रत्येकाचे तीन दिवस धरले तर १८ दिवस झाले. आईची किरकोळ रजा १२. बाकी वजा ६. सणवार, लग्नकार्य, तिचे स्वतःचे दुखणे यांना एकही दिवस उरला नाही. हीच जमा आई आणि वडील दोघांची मिळून धरा: १२ आणि १२, २४. खर्च १८. शिल्लक ६. गणित सुटते! अर्थात ते सुटते पगारी रजा असलेल्या दोन नोकऱ्यांत. कंत्राटी परिचारिकेला, दुकानात काम करणाऱ्या मुलीला, पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला जमेची बाजूच कोरी असते. तिची रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी.

तेव्हा सकाळचा डोस देणाऱ्या आईने खोटे बोलू नये हे खरेच. पण ते खोटे कशाने तिच्या तोंडी आले, हेही पाहिले पाहिजे. जिथे खरे सांगणाऱ्याचा दिवस बुडतो आणि लपवणाऱ्याचा निभावतो, तिथे लपवाछपवी ठरलेलीच. कर्जदारांच्या बाबतीत हे मी पुष्कळ पाहिले आहे.

जंगलातले पाळणाघर

हा प्रश्न नोकरदारांचा, शहरी, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलात जावे. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. बाया पहाटे अंधारात निघतात, उन्हे चढण्याआधी पाने तोडतात, दुपारी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. वर्षातली रोख कमाईची ही मोठी संधी. त्यातला दिवस बुडवणे परवडत नाही. पुढे आषाढ-श्रावणात धानाची रोवणी. चिखलात दिवसभर वाकून काम, आणि लेकरू बांधावर छत्रीखाली किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. उन्हाळ्याआधी कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, लेकरेही बरोबर. तेथे पाळणाघर म्हणजे झाडाला बांधलेली साडीची झोळी. लेकरू तापले तरी झोळी तीच.

शहरातल्या मुलाचा ताप बहुधा तीन दिवसांत उतरतो. जंगलातल्या मुलाचा ताप मलेरियाचा असू शकतो आणि खोकला न्यूमोनियाचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने लहान मुलांच्या न्यूमोनियावर गावोगावी जे काम केले त्याचा निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला व गोळ्या-औषध द्यायला शिकवले गेले. त्यांनी ६१२ रुग्ण हाताळले. त्यांतल्या मृत्यूंचे प्रमाण ०.८ टक्के होते. ज्या गावांत हे काम नव्हते तेथे ते १३.५ टक्के होते. अक्षरओळख नसलेल्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येईना, तर तिच्यासाठी मण्यांचे साधन बनवले गेले. एका मिनिटाची वाळूची घडी, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेवटच्या मण्यापर्यंत पोहोचलात की लेकराला औषध हवे.

चंद्रपूरच्या क्वार्टरमधल्या काकूंचा आणि या मण्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा: गडचिरोलीने दाखवून दिले, की मुलाच्या सर्वांत जवळ जी बाई असते तिच्या हातात थोडे नेमके ज्ञान दिले, की मृत्यूसुद्धा मागे हटतो. या कामाच्या आणि पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीच्या प्रयोगाच्या पायावर २०११ पासून देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. गावातल्या दाईला जे शिकवता आले ते दहावी-बारावी शिकलेल्या काकूंना का शिकवू नये? आज आपण त्यांना काहीच शिकवत नाही. म्हणून एक काकू नाकातून पाणी आलेले मूलही परत पाठवतात, तर दुसऱ्या धाप लागलेले मूल 'झोपलंय शांत' म्हणून संध्याकाळपर्यंत ठेवतात. पहिलीने आईची रजा फुकट घालवली. दुसरीच्या हाताखाली अनर्थ होऊ शकतो.

कोणते मूल घरी, कोणते पाळणाघरात

याबाबत वैद्यकशास्त्र बरेच स्पष्ट आहे, आणि ते ऐकून भांडणातले अर्धे वाफेसारखे उडून जावे. साधी सर्दी, थोडा खोकला, पण अंगात ताप नाही, मूल खाते-खेळते आहे, तर त्याला घरी बसवण्याची गरज नाही. सर्दीचा विषाणू बहुतेक वेळा नाक वाहू लागण्याच्या आधीच पसरलेला असतो. ताप असेल तर मात्र औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आलेला नाही, अशी खात्री होईपर्यंत घरी ठेवावे. 'औषध न देता' हे तीन शब्द महत्त्वाचे. उलट्या-जुलाब थांबून किमान एक दिवस, शक्य तर दोन दिवस जाऊ द्यावेत. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस. गोवर किरकोळ समजू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराच्या उद्रेकात मुले दगावली, आणि त्यांत लसीकरण अपुरे राहिलेली बरीच होती. पाळणाघरात नाव घालताना लसीकरणाचे कार्ड पाहणे हा कोणाचा अपमान नाही.

आणि काही खुणा अशा, की त्या दिसताच ना घर ना पाळणाघर, थेट दवाखाना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, पिणे बंद होणे, झटके, हाका मारूनही डोळे न उघडणारी सुस्ती. श्वास मोजायचे ते मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघून. आमच्या दोन जिल्ह्यांत आणखी एक भर: ताप म्हटला की मलेरियाची रक्ततपासणी आधी. आशाताईंकडे ती गावातच होते.

कायद्याला लेकराचा ताप दिसत नाही

पाळणाघराचे कायदे आपल्याकडे जुने आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात ते होते. खाणींसाठी १९६६ चे वेगळे पाळणाघर नियम झाले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. २०१७ साली प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते ठेवले आहे. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याचे ठरले आहे. या साऱ्या तरतुदी कितपत पाळल्या जातात हा वेगळा लेख होईल. माझा मुद्दा निराळा आहे. मूल ठणठणीत असते त्या दिवसाचा विचार या कायद्यांनी केला. ते तापते त्या दिवशी आई-वडिलांपैकी एकाने घरी राहावे आणि त्याचा पगार बुडू नये, असा सर्वांना लागू होणारा हक्क मात्र दिला नाही.

सरकारी नोकरीत अपवाद आहे. केंद्राने २००८ पासून महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्राने २०१८ साली १८० दिवसांची दिली. निर्णय चांगलाच, पण त्यातली अट वाचण्यासारखी आहे. पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा केव्हा? पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. म्हणजे धडधाकट बायको घरात असताना बापाने तापलेल्या लेकराच्या उशाशी बसावे, ही कल्पनाच शासनाला सुचली नाही. शासनाला तरी नावे का ठेवावीत? ती आपल्यालाही सुचत नाही.

स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतून वेगळे ऐकू येते. तेथे आजारी मुलाजवळ थांबण्यासाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, पगाराच्या सुमारे ८० टक्के, आणि तो आई घेवो की बाप, दोघांनाही खुला. फेब्रुवारीत मुले एवढी आजारी पडतात, की त्या रजेच्या नावावरून लोक त्या महिन्यालाच विनोदाने नवे नाव देतात. आपल्याला १२० दिवस परवडणार नाहीत, हे मान्य. पण वर्षाला सहा-सात दिवस, आई आणि बाप दोघांनाही, 'मुलाच्या आजारपणासाठी' असे स्पष्ट नाव असलेली रजा? बँका, वीज कंपन्या, कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने यांना हे जड नाही. तसाही तो दिवस त्यांच्या हजेरीपुस्तकातून जातच असतो, फक्त खोट्या नावाने. आणि कंत्राटदाराच्या कामगारांना तो मिळणार नसेल, तर पुन्हा अर्धेच लोक सुटले.

दाराशी भांडण्यापेक्षा

कायदे होतील तेव्हा होतील. तोवर करण्याजोग्या गोष्टी आहेत, आणि त्यांना पैसा फार लागत नाही.

पहिली गोष्ट, बोलणे नाव घालण्याच्या दिवशीच व्हावे. मूल तापल्यावर सकाळी नऊ वाजता दोन्ही बाजू घाईत आणि चिडलेल्या असतात. एका वहीच्या पानावर, आपल्या मराठीत, कोणत्या आजारात मूल किती दिवस घरी राहील हे लिहून दोघांनी सही करावी. मूल पाळणाघरात आजारी पडले तर कोण, किती वेळात येणार, ते आले नाहीत तर दुसरे कोण, हेही त्यातच. मग दारात काकूंना 'मी नाही घेणार' असे म्हणावे लागत नाही. 'आपलं ठरलं होतं ना ताई' एवढे पुरते.

दुसरी, फी महिन्याची ठरावी आणि आजारपणाच्या दिवसांची कापू नये. काकूंना मूल घेण्याचा मोह नको आणि परत पाठवण्याची भीती नको. बदल्यात काकूंनी सर्दीच्या मुलाला विनाकारण परत पाठवू नये.

तिसरी, सकाळचे औषध दिले असेल तर ते किती वाजता आणि किती दिले, हे सांगायचेच. त्यावरून आईला एकही टोमणा मारायचा नाही, हे काकूंनी पाळायचे. खरे बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागली नाही, तरच पुढच्या वेळी खरे ऐकायला मिळेल. नाहीतर दुपारी दुसऱ्यांदा तेच औषध पाजले जाण्याचा धोका आहे, आणि त्या औषधाचा अतिरेक यकृताला बाधतो.

चौथी, प्राथमिक आरोग्य केंद्राने किंवा कॉलनीच्या दवाखान्याने वर्षातून एकदा गावातल्या पाळणाघरांच्या बायकांना दोन तास बोलवावे: श्वास मोजणे, जलसंजीवनी तयार करणे, धोक्याच्या खुणा. निवृत्त परिचारिका प्रत्येक कॉलनीत आहेत. आम्हा निवृत्तांपैकी ज्यांची नातवंडे पुण्या-बंगळुरात आहेत, त्यांनीही वर्षातले दोन-चार दिवस शेजारच्या तापलेल्या लेकराजवळ बसायला हरकत नसावी. रानातल्या बायांसाठी तेंदू आणि रोवणीच्या हंगामात अंगणवाडी पहाटेपासून उघडी राहील अशी सोय ग्रामसभांनी मागून घ्यावी. शेजारच्या छत्तीसगडात 'फुलवारी' नावाने गावातल्या बायांनीच तीन वर्षांखालची मुले सांभाळण्याचे काम उभे राहिलेले आहे. ते आपल्यापासून फार लांब नाही.

आणि पाचवी, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. वर मांडलेला हिशेब पुन्हा पाहा: १२ दिवसांत न बसणारे आजारपण २४ दिवसांत बसले. नोकरी दोघांची असेल, तर लेकराचा ताप एकटीच्या खात्यावर नावे पडता कामा नये. वडिलांनी अर्जात 'घरगुती काम' न लिहिता 'मुलगी आजारी आहे' असे सरळ लिहावे. दोन वर्षे साहेब हसतील, तिसऱ्या वर्षी तेच तसा अर्ज करतील. पाळणाघराच्या वहीत मुलाच्या नावापुढे संपर्कासाठी जो पहिला क्रमांक लिहायचा, तो वडिलांचा असावा, एवढ्यापासून सुरुवात करायला तर कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.